वेगळं करायला वेळ नाही म्हणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र कचरा वेगळा करण्याबद्दल आहे आणि लांबलंय, आधीच सांगतो. कापायचं तर कापा, तुमचा अधिकार आहे, फक्त सुयांचा भाग कापू नका, कारण त्यात चूक माझी आहे आणि तेवढंच कापलंत तर मी लोकांना शहाणपण शिकवत सुटलोय असं वाटेल.

मी पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला ४८ फ्लॅटच्या सोसायटीत राहतो. रिटायर्ड आहे, आणि रिटायर्ड माणसाचं सोसायटीवाले जे करतात तेच माझंही केलं, सेक्रेटरी केलं. पाण्याचा टँकर, लिफ्टची बोंब, पार्किंगवरून भांडणं, वरच्या मजल्यावरून खाली पडणारे केस, सगळं माझ्याकडे येतं. कचरा मात्र कधी माझ्याकडे आला नव्हता. तो रोज सकाळी आठ ते साडेनऊमध्ये आपोआप नाहीसा व्हायचा.

जानेवारीत एक दिवस साडेआठलाच वॉचमनचा फोन, काका खाली या लवकर, मावशीला लागलंय. खाली गेलो तर आमच्याकडे रोज कचरा न्यायला येते ती बाई पार्किंगच्या कोपऱ्यात, जिथे बसून ती ओला-सुका वेगळा करते तिथेच, डावा अंगठा उजव्या मुठीत दाबून बसलेली आणि पुढ्यातल्या पुठ्ठ्यावर रक्त. मटाराच्या सालींची पिशवी होती, वरून गच्च गाठ मारलेली, तिने गाठ सोडून हात घातला तर सालींच्या खाली लोणच्याची फुटकी बरणी. मटाराचे दिवस, सगळ्यांच्याच घरी सालींचे ढीग, त्यामुळे बरणी कोणाची ते कळायला मार्ग नाही.

मी गाडी काढली. आणि आता लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो, तिला बसवायच्या आधी मी सीटवर जुना टॉवेल टाकला. रक्त लागेल म्हणून टाकला असं मी तेव्हा मनाशी म्हणलं. पण रक्त हाताला होतं आणि हात तिच्या मांडीवर होता, टॉवेल मी टाकला तो पाठीला आणि बसायच्या जागेवर. तिने तो टॉवेल स्वतःच नीट सारखा केला आणि त्याच्या बाहेर अंग जाणार नाही अशी आखडून बसली. म्हणजे ह्या गोष्टीची तिला माझ्यापेक्षा जास्त सवय होती.

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने केसपेपर पुढे ओढला आणि विचारलं, पेशंटचं नाव? मी म्हणलं, मावशी. ती मुलगी वर बघायला लागली. अकरा वर्षं ही बाई आमच्याकडे येते, दिवाळीला मी सोसायटीच्या वतीने तिला पाकीट देतो, फोटोसुद्धा काढतो ग्रुपवर टाकायला, आणि मला तिचं नाव माहीत नाही. आडनावाचं तर सोडाच. तिनेच सांगितलं, पूर्ण, नवऱ्याचं आणि आडनावासकट, अगदी शाळेत हजेरी देतात तसं. (इथे लिहीत नाही, कारण तिला विचारलं तर ती म्हणाली पेपरात नको काका.)

पुढची गंमत म्हणजे तिला तिचा फोन सापडेना. पार्किंगमध्ये राहिला का काय म्हणून मी माझ्या फोनवरून लावला, तर तो तिच्या कोटाच्या आतल्या खिशातच वाजला, तिने एका हाताने काढायला म्हणून इकडे वळून बघितलं, आणि माझ्या फोनच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आलं होतं, 'कचरा'. कऱ्हाडचे मेव्हणे आणि कार वॉशिंग यांच्या वर कुठेतरी तो नंबर मी असाच सेव्ह करून ठेवला होता. ती सातवी शिकलीये. वाचलं तिने. बोलली काही नाही.

तीन टाके पडले.

घरी येऊन मी ग्रुपवर चिडून मेसेज टाकला, ज्या कोणी काच टाकली त्यांना लाज वाटायला पाहिजे वगैरे, माझा रक्तदाब वाढलाच होता. उत्तरं काय आली सांगतो. नऊ जणांनी नुसता अंगठा. एकाने, इंदूरला जाऊन बघा, स्वच्छतेत सलग कितीतरी वेळा पहिलं आलं, आपल्याकडे सिस्टिमच नाही. एका मॅडमनी, सकाळी मुलांचे डबे, ऑफिस, बस, त्यात ओला सुका वेगळा करायला वेळ कुणाला आहे. आणि मग नेहमीचं, पैसे देतो ना आपण. बरणीवर कोणी हक्क सांगितला नाही.

तर वेळ नाही ह्या वाक्याबद्दलच मला लिहायचंय.

तिच्या जागी चार दिवस तिची जाऊ येणार होती, ती नवीन, म्हणून मी ठरवलं की आपण खाली उभं राहायचं. आमच्या हिने, म्हणजे बायकोने, विरोध केला, मग बागेत वापरायचे रबरी ग्लोव्हज काढून दिले. चार दिवस सकाळी दीड तास मी ४८ घरांच्या पिशव्या उघडताना बघितल्या, काही स्वतः उघडल्या, आणि संपादक साहेब, तुम्हाला सांगतो, ज्या लोकांना मी पंधरा वर्षं लिफ्टमध्ये नमस्कार करतो त्यांची ओळख मला ह्या चार दिवसात झाली.

फॉइलमध्ये गुंडाळलेल्या अख्ख्या पोळ्या, चार, घडी न मोडलेल्या, म्हणजे डबा दिला आणि तसाच परत आला आणि घरच्या बाईला दिसू नये म्हणून पिशवीच्या तळाशी गेला. मेथीची अख्खी जुडी, वरचा कागदी पट्टासुद्धा तसाच, जी कोणीतरी धापा टाकत दहा मिनिटांत आणून दिली असणार आणि जी नंतर फ्रिजमध्ये दहा दिवस पडून काळी पडली. अर्धा केक. जिमची पावडर. एका घरातून रोज वाटीभर भात, रोज, म्हणजे मापच चुकतंय त्यांचं पण माप कोण बदलणार. डायपर उघडे, सॅनिटरी पॅड उघडे. मी सत्तरीला आलेला माणूस, आमच्या पिढीने ह्या विषयाचं नाव काढलं नाही कधी, पण न बोलता दुसऱ्या बाईच्या हातात उघडं द्यायचं हे मात्र चालतं आपल्याला. कागदात गुंडाळा आणि वर पेनाने एक लाल ठिपका काढा, म्हणजे पिशवी उघडायच्या आधीच कळेल, एवढंच पुण्यातल्या कचरावेचक बायका कित्येक वर्षं सांगतायत. लाल ठिपका. पेनाने. चार दिवसात मला दोन दिसले.

आणि मग तिसऱ्या दिवशी ती पिशवी आली. खरं तर रोजच येत होती, माझ्या लक्षात तिसऱ्या दिवशी आलं. छोटी, स्वच्छ, वेगळी, गाठसुद्धा सैल मारलेली. आत झेंडू, दुर्वा, बेलाचं पान, हळदकुंकू लागलेला कापूस, विझलेली वात. निर्माल्य. आणि अशी एका घरातून नाही, मी मोजल्या, १९ घरांतून. ह्या १९ घरांत देवाचं फूल भाजीच्या देठांत जात नाही. कोणी नियम केलेला नाही, कोणी दंड लावत नाही, पालिकेची गाडी येऊन भोंग्यावर सांगत नाही, तरी जात नाही. गणपतीत तर निर्माल्य कलशात टाकायला आपण रांग लावतो. वेळ नसणाऱ्या त्या मॅडमच्या घरातूनही ती पिशवी होती, आणि माझ्या घरातूनही होती.

मग मला हसूच आलं, कारण वेगळं करणे ह्या कामात आपल्याइतकी तयारी कोणाची नसेल. आमच्या आईच्या स्वयंपाकघरात उष्टं वेगळं, खरकटं वेगळं, शिळं वेगळं, पारोसं वेगळं, सोवळ्यातलं वेगळं, उपासाची कढईसुद्धा वेगळी. लोणच्याच्या बरणीला हात कोणी लावायचा आणि कधी नाही लावायचा हेही ठरलेलं. एवढे शब्द आहेत आपल्याकडे नुसत्या 'हात लागला' ह्या एका गोष्टीसाठी! आणि माणसं वेगळी करण्यात तर काय, त्याबद्दल मी पुण्यात बसून लिहायची गरज नाही. आजसुद्धा आमच्या सोसायटीत बऱ्याच घरी कामवाल्या बाईचा कप वेगळा आहे, ओट्याच्या खालच्या बाजूला, कानाशी टवका उडालेला, आणि तो कप दुसऱ्या कपांत कधी मिसळत नाही, घाईतसुद्धा नाही, पाहुणे असले तरी नाही. तिथे वेळ असतो. म्हणजे वेगळं करायला येत नाही असं नाही, सवय नाही असंही नाही, ज्याला आपण जपण्यासारखं मानतो किंवा ज्याचा विटाळ मानतो ते आपण झोपेतही वेगळं करतो. काचेने ज्याचा हात कापणार आहे तो हात ह्या दोन्हीत बसत नाही, एवढंच.

शब्दांचंही तसंच. 'मावशी' घ्या. ती माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल, आणि मी तिला मावशी म्हणतो. माझी खरी मावशी साताऱ्याला होती, ती आली की शिरा व्हायचा, ताजा, आणि पहिली वाटी तिला. ह्या मावशीला शिरा मिळतो तो परवाचा. आणि देताना वाक्य ठरलेलं आहे, घराघरात एकच, मी आता कान देऊन ऐकायला लागलोय म्हणून कळलं: 'वाया जाण्यापेक्षा तिला दे.' किती सहज म्हणतो आपण हे, आणि वर दिल्याचं समाधान. ह्या वाक्यात आधी काय येतं बघा. आधी वाया जाणं येतं, मग ती. आमच्या घरातही हेच वाक्य आहे, मी हिला दाखवून दिलं तर ही म्हणाली, मग काय ताजं करून देऊ का? आणि मग दोघंही गप्प बसलो, कारण प्रश्न रागात विचारला होता पण प्रश्न बरोबर होता.

अजून एक शब्द आहे, विषयांतर वाटेल पण लिहितो. माझा नातू कोणाला तरी फोनवर म्हणत होता, काय चिंधी माणूस आहे यार. चिंधी म्हणजे कंजूष, फालतू. आमच्या घरी चिंधीला मान होता हो. नऊवारी विरली की तिची गोधडी, गोधडीतून उरली की चिंध्या, त्यातली मऊ बाळाच्या लंगोटाला, जाड फरशी पुसायला, आणि जे धड होतं ते बोहारणीकडे, तिच्याशी तासभर घासाघीस करून एक पातेलं. राखेने भांडी, शेणाने जमीन, उरलंसुरलं उकिरड्यावर आणि उकिरडा पावसाच्या आधी शेतात. तेव्हा सगळं फार छान होतं असं मी म्हणत नाही, गरिबी होती म्हणून होतं बरंचसं, आणि उकिरडा उपसणारे हात तेव्हाही ठरलेलेच होते. पण वस्तूला नाव होतं. आता चिंधी, रद्दी, भंगार ह्या तिन्ही शिव्या झाल्या. पिक्चर भंगार, मॅच रद्दी, माणूस चिंधी. आणि डब्यातलं सगळं मिळून एकच, कचरा.

हे मला तिनेच शिकवलं. टाके काढून ती परत आली तेव्हा मी मुद्दाम खाली गेलो, चहा घेऊन, आपल्याच कपात (हो, टॉवेलनंतर एवढी अक्कल आली). बोलता बोलता म्हणलं, एवढा कचरा, रोजचा. ती म्हणाली, 'काका, तुम्ही सगळ्याला कचरा म्हणता. आमच्यात कचरा येगळा आन् माल येगळा.' पुठ्ठा हा माल, पाण्याची बाटली माल, रद्दी माल, पत्रा माल, दुधाची पिशवी माल. मला एकदम आठवलं की पुण्यात ह्या लोकांची जी जुनी संघटना आहे, १९९३ सालची, बाबा आढाव ज्यांच्या पाठीशी उभे राहिले, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. इतकी वर्षं ते नाव पेपरात वाचलं पण कधी नीट वाचलं नव्हतं, त्या नावात कचरा हा शब्दच नाही! ज्यांनी ते नाव ठेवलं त्यांना कागद दिसला, काच दिसली, पत्रा दिसला, आणि कष्ट दिसले.

तिची आई बहात्तरच्या दुष्काळात सोलापूरकडून आली. आधी रस्त्यावरच्या कचरापेट्यांतून वेचायची, कुत्र्यांच्या बरोबरीने, पोलीस हटकायचे, चोर समजायचे. मग संघटनेचं ओळखपत्र मिळालं, १९९६ च्या सुमाराला, महापालिकेने मान्य केलेलं. ते आईने शेवटपर्यंत जपलं म्हणाली, लुगड्याच्या कनवटीला नाही, देवाच्या फळीवर. का, तर त्याच्यावर फोटो होता आणि नाव होतं. मी मुकाट्याने ऐकलं. माझ्या खिशातल्या फोनमध्ये अजून 'कचरा'च होतं.

म्हणून मी तो विषय काढला, म्हणलं त्या दिवशी तू स्क्रीनवर बघितलंस, चुकलंच माझं. तर हसायला लागली. म्हणाली, आमी बी घरांला नावं ठेवलेली हायती काका, माज्या जावेला पाठ करून दिली. मग तिने सांगितली. २०४ म्हणजे पार्सलवाले. १०२ भाताचं घर. ६०१ डायपरचं, पण त्यांचं बाळ मोठं झालं आता तर नाव बदलायला पाहिजे म्हणाली. ४०३ धुतलेल्या पिशव्यांच्या आजी. मला मजा वाटत होती, मी विचारलं, आणि आमचं?

थोडी थांबली. मग म्हणाली, सुयांचं घर.

मला डायबेटिस आहे. सहा वर्षं इन्सुलिन घेतो, पेनने, त्याची बारीक सुई असते, दोन-तीन दिवसांनी बदलतो. ती काढायची, टिश्यूत गुंडाळायची आणि सुक्या कचऱ्यात. टोपण बसवलं तर बसवलं. सहा वर्षांच्या किती होतात ते तुम्हीच करा. ती म्हणाली, तुमची पिशवी मी आदी वरनं चापचते, मग उलटी करते, हात घालत न्हाई. तिच्या गाडीला कोल्ड्रिंकची एक रिकामी बाटली अडकवलेली असते, मला वाटायचं पाण्याची असेल, त्यात ती आमच्या आणि अजून एका घरच्या सुया साठवते. टोचली होती का कधी, मी विचारलं. दोनदा, म्हणाली, सुरवातीला. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, 'शेक्रेटरीला कोन सांगनार काका.'

आणि मी जानेवारीत ग्रुपवर लिहिलं होतं, लाज वाटायला पाहिजे.

२०१६ च्या घनकचरा नियमातच हे स्पष्ट होतं बरं का, वापरलेल्या सुया, जुनी औषधं, फुटलेला थर्मामीटर, बॅटऱ्या, हे घरातल्या घातक कचऱ्यात धरायचं, वेगळं द्यायचं. मी नंतर वाचलं. पण नियम माहीत नव्हता ही सबब मला चालणार नाही, कारण माझी तीन वर्षांची नात घरी येते तेव्हा मी त्याच सुया कपाटाच्या वरच्या फळीवर, डब्यात, झाकण लावून ठेवतो. तिच्यासाठी मला कोणी नियम वाचून दाखवला नव्हता.

आता ४०३ च्या आजींबद्दल. दुधाची पिशवी त्या कापतात तेव्हा कोपरा पूर्ण तोडत नाहीत, लोंबता ठेवतात, कारण तो नखाएवढा तुकडा सुटा पडला की कोणी वेचत नाही, गटारात जातो. मग पिशवी आतून धुतात, ते पाणी कुंडीत घालतात, पिशवी सिंकच्या नळावर वाळत घालतात, आठ दिवसांच्या एकत्र देतात. त्या ८१ वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत. वेळ किती लागतो विचारलं तर म्हणाल्या, पिशवी धुवायला? अरे चहा उकळेपर्यंत होते. भंगारवाल्याकडे धुतलेल्या पिशवीला किलोवर भाव मिळतो, न धुतलेल्या दुधाच्या पिशवीला आंबट वास सुटतो, तिला एकतर कमी देतात नाहीतर बाजूला फेकतात. आणि इथे लोकांना एक माहीत नाही, मलाही नव्हतं, की ह्या बायका पालिकेच्या पगारावर नाहीत. २००८ पासून पुण्यात 'स्वच्छ' नावाची त्यांचीच सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदार जाते, साडेतीन हजारांच्या आसपास लोक आहेत, बहुतेक बायकाच, आणि त्यांची कमाई म्हणजे आपण दर महिन्याला देतो ते घरटी पैसे आणि वर जो माल निघेल तो. म्हणजे माझी घाणेरडी पिशवी ही तिची कमाई बुडवते, आणि आजींची पिशवी तिच्या हिशोबात जमा होते. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशवीला ५० पैसे परत मिळणार असं जाहीर झालं होतं, आठवतंय? मी एकदा दुकानात घेऊन गेलो होतो, दुकानदार माझ्याकडे बघून हसला होता, त्या काउंटरवरच्या मुलीसारखाच. आजी मात्र ५० पैशांच्या आधीपासून धुतायत आणि नंतरही.

मीटिंगचं थोडक्यात सांगतो कारण आठवलं की अजून चिडचिड होते. तिने महिन्याला फ्लॅटमागे दहा रुपये वाढवून मागितले होते, ते मी विषयपत्रिकेवर घेतलं. ४८ फ्लॅटचे ४८० रुपये. पस्तीस मिनिटं चर्चा. बंद फ्लॅटचे का द्यायचे, रविवारी ती येत नाही त्याचे कापायचे का, एकदा वाढवलं की दरवर्षी मागेल. एकाने तर एक्सेल शीट दाखवली. त्याच मीटिंगमध्ये गेटवरच्या नावाला मागून निळी लाइट लावायचा खर्च ६२ हजार, दोन मिनिटांत मंजूर, टाळ्या. आणि मी पुरता धुतल्या तांदळाचा नाही, गांडूळखताचा जो खड्डा दाखवून सोसायटी मिळकतकरात ५ टक्के सूट घेत आलीये त्यात गेली चार वर्षं गांडूळ नाही, उरलेल्या फरश्या आणि दोन सायकली आहेत, आणि त्या कागदावर सही माझी आहे. ते पण आता दुरुस्त करायला काढलंय, फरश्या कुठे ठेवायच्या यावर वेगळं भांडण चालू आहे. २ ऑक्टोबरला आम्ही स्वच्छता अभियान करतो. मागच्या वेळचे झाडू अजून क्लबहाऊसमध्ये आहेत, प्लास्टिकसकट. फोटोत गाडगेबाबांची तसबीर पण आहे, त्यांच्या हातातला खराटा तेवढा झिजलेला दिसतो.

शेवटी तुमच्याशी एक भांडण. कचऱ्याच्या गाड्या अडल्या की तुम्ही सगळेच पेपरवाले एक शब्द वापरता, मोठ्या टायपात, 'कचराकोंडी'. २०१७ च्या उन्हाळ्यात, कचरा डेपो ज्यांच्या गावात त्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी तीन आठवडे गाड्या येऊ दिल्या नाहीत तेव्हा पुण्याची कोंडी. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावकरांनी अडवलं तेव्हा औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, कोंडी. तीन आठवडे आपल्या कोपऱ्यावर ढीग साचला तर ती कोंडी झाली. तिकडे ऐंशीच्या दशकापासून विहिरींचं पाणी नासलं, माश्या, धूर, डेपोच्या आगी, त्याला कोणता शब्द होता? मी आठवून बघितलं, हिलाही विचारलं, नाही आठवला. 'कचरा डेपोचा प्रश्न' असं काहीतरी असायचं, आतल्या पानावर. पुढच्या वेळी गाड्या अडल्या की तुमच्या वार्ताहराला आधी त्या गावात पाठवा आणि तिथले लोक ह्याला काय म्हणतात ते विचारून मग मथळा द्या, एवढी विनंती आहे.

सुया आता मी जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून ठेवतो, वर चिठ्ठी चिकटवतो आणि भरली की माझ्या डॉक्टरांकडे नेऊन देतो. त्यांनी घ्यायला आधी कुरकुर केली, मग घेतली. फोनमध्ये तिचं नाव घातलंय, आडनावासकट, त्यामुळे ते आता क मध्ये नाही सापडत, दोनदा मीच शोधत बसलो. परवा तिला विचारलं, आमच्या घराचं नाव बदललं का. म्हणाली, अजून न्हाई काका, दोन-तीन महिने बगते.

आपला,
एका सोसायटीचा सेक्रेटरी (पत्र छापून येईपर्यंत तरी),
सिंहगड रोड, पुणे